पडद्याआडचं मिनिट

विमानतळावर बायकांची रांग नेहमी हळू सरकते. पुरुषांच्या तीन-चार रांगा असल्या तर बायकांची एक, आणि तिच्या टोकाला पडदा लावलेली, जेमतेम दोघी मावतील एवढी जागा. आत लाकडी पायरी. तिच्यावर चढायचं, हात पसरायचे, समोर बघायचं. खाकी गणवेशातली मुलगी हातातलं यंत्र खांद्यापासून खाली आणते. ते पदराच्या पिनेला वाजतं, निऱ्यांच्या पिनेला वाजतं, मंगळसूत्राच्या वाट्यांना आणि ब्लाउजच्या हुकांनाही वाजतं. साडी नेसलेल्या बाईला न वाजता पलीकडे जाणं जवळपास अशक्य. यंत्र वाजलं की हात येतो. का वाजलं ते दोघींनाही ठाऊक असतं, तरी हात फिरतो, कारण तो फिरवणं हेच तिचं काम.

पुरुषांना पडदा नाही. पट्टा ट्रेमध्ये गेलेला, एका हातानं पॅन्ट सावरत दुसरा हात वर करून उभे असलेले आजोबा मी पुष्कळदा पाहिले आहेत. त्यांनाही लाज असेल हे कुणाच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. आणि ज्यांना दोन्ही रांगा आपल्या वाटत नाहीत, त्यांनी उभं राहायचं कुठे? अमेरिकेतल्या विमानतळांवरच्या शरीर-स्कॅनरना एक गुलाबी आणि एक निळं बटण होतं. प्रवासी बाई की पुरुष हे कर्मचाऱ्यानं नुसतं बघून ठरवायचं आणि बटण दाबायचं. अंदाज चुकला की शरीराचाच एखादा भाग यंत्राला संशयास्पद वाटणार.

तपासणीच नको, असं मला म्हणायचं नाही. १९८५ साली एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात ३२९ माणसं गेली, ती प्रवासी बसलाच नाही अशा एका बॅगेमुळे. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं, तो आठवडा आपण टीव्हीसमोर बसून काढला आहे. त्यानंतर २००० पासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल विमानतळांवर आलं. इतर नियमांनाही असाच इतिहास आहे. २००१ मध्ये एकानं बुटात स्फोटकं लपवली, म्हणून पुढे अमेरिकेत सगळ्यांचे बूट निघाले. ते घालूनच पुढे जायची सर्वसाधारण मुभा मिळायला जुलै २०२५ उजाडला. २००६ मध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला आणि बाटली १०० मिलिलिटरवर आली. २००९ च्या नाताळात एकानं अंतर्वस्त्रात स्फोटकं नेली आणि स्कॅनरची मागणी वाढली. एवढं करून २०१५ मध्ये अमेरिकी गृहसुरक्षा खात्याच्याच माणसांनी चाचणी म्हणून नकली बॉम्ब आणि शस्त्रं नेऊन पाहिली, तर ७० पैकी ६७ वेळा ती आत गेली. आपण उतरवून दिलेल्या लाजेच्या बदल्यात नेमकं काय मिळतं, हा प्रश्न त्यामुळे अगदीच आगाऊ वाटू नये.

नियम सगळ्यांना सारखा असतो, हे खरंच. पण त्याची किंमत प्रत्येकाला वेगळी पडते.

नर्तकी सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ मधल्या अपघातानंतर कापावा लागला. जयपूर फूट हा कृत्रिम पाय लावून त्या पुन्हा भरतनाट्यम नाचल्या, त्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनीच काम केलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी एक व्हिडिओ टाकला. बोलण्यात थकवा होता. कामासाठी विमानानं जाताना दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवायला सांगतात. स्फोटकांचे कण तपासणारं यंत्र वापरा, अशी विनंती केली तरी सांगतात. एखादं कार्ड द्या, एवढीच त्यांची थेट पंतप्रधानांकडे मागणी होती. सुरक्षा दलानं माफी मागितली आणि खुलासा केला, की कृत्रिम अवयव अपवादात्मक परिस्थितीतच काढायला लावायचा असा नियम आहे. म्हणजे नियम होताच! त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं, की माणसाची प्रतिष्ठा राखायची तर विमानतळावर कृत्रिम अवयव उतरवायला सांगू नये.

मला यात खुपतं ते वेगळंच. या बाईला देश ओळखतो. तिचा पाय कसा गेला आणि ती परत कशी उभी राहिली, हे आमच्या वेळी शाळकरी मुलांनाही ठाऊक होतं. तिला हे सहन करावं लागलं, तर नागपूरहून मुलाकडे निघालेल्या, जयपूर फूट लावलेल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाचं काय? त्यांनी व्हिडिओ केला तर तो कोण बघणार? स्तन काढलेल्या, पोटावर पिशवी बसवलेल्या बायका तर त्या पडद्याआड जे घरातही मोठ्यानं बोलल्या नसतील ते एका अनोळखी मुलीला सांगतात. मागे रांग खोळंबलेली असते, म्हणून घाईघाईनं सांगतात.

उलट टोकाला सूट मिळालेल्यांची यादी. तपासणीतून कोण वगळले आहेत त्यांचा फलक आपल्या विमानतळांवर लावलेला असे. राष्ट्रपती, सरन्यायाधीश, दलाई लामा अशा नावांत आणि पदांत सोनिया गांधींचे जावई रॉबर्ट वड्रा हे नावही होतं. २०१५ मध्ये ते निघालं. माजी राष्ट्रपती म्हणून अब्दुल कलामही यादीत होते, तरी २००९ मध्ये दिल्लीत एका अमेरिकी विमान कंपनीनं त्यांची झडती घेतली. त्यांनी मुकाट्यानं करू दिली. संतापलो आपण. २०१० मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या विमानतळावर आपल्या राजदूत मीरा शंकर यांना बाजूला घेऊन लोकांसमोर चाचपलं गेलं. कारण साडी, असं तेव्हा बातम्यांत आलं. तेव्हाही आपण संतापलो. रास्तच होतं. पण ‘राजदूताला?’ या आपल्या प्रश्नात ‘बाकीच्यांना चालेल’ हेही दडलेलं असतंच.

बाकीच्यांना ते चालवून घ्यावंच लागलं आहे. विमानतळावर आपल्याला तपासणारं हे दल १९६९ मध्ये उभं राहिलं ते सरकारी कारखान्यांच्या रक्षणासाठी, त्यांची फाटकं सांभाळण्यासाठी. तिथून ते विमानतळावर आलं, म्हणजे झडती कामगाराकडून प्रवाशाकडे आली. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या कुणालाही विचारा. पाळी सुटली की दारावर झडती होत असे. कापडाचा तुकडा कमरेला गुंडाळून नेत नाही ना, म्हणून. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात, सहार विमानतळापासून काही किलोमीटरवर, दागिन्यांच्या कारखान्यांतली मुलं-मुली सुटताना तपासणीतून जातात. विमानतळावर निदान संशय मोठा असतो, शेकडो जिवांचा. कारखान्याच्या दारात तो चिमूटभर सोन्याचा, आणि रोजचा. तिथून बाहेर पडताना कुणी ‘माझी प्रतिष्ठा’ म्हणालं, तर दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेणार नाहीत.

मोठ्या सोसायट्यांच्या फाटकावर कामवाल्या मावशींची पिशवी उघडतात तेही यातलंच. आत जुनी साडी सापडली तर वॉचमन इंटरकॉमवर विचारतो, आणि वरून आवाज येतो, ‘हो हो, मीच दिलीय.’ तोवर मावशी उन्हात उभ्या. वर बोलणारी बाई पुढच्या आठवड्यात मुलीकडे बंगळूरला जाताना पडद्याआडच्या मिनिटाबद्दल कुरकुरेल. तिची कुरकुर खोटी नाही. फक्त तिच्याकडे ती ऐकून घेणारी माणसं आहेत.

पडद्याआडच्या त्या मुलीचं काय, हेही विचारायला हवं. एकदा माझ्या पुढच्या काकूंनी तिला मराठीत विचारलं, ‘बाळ, किती जणी होतात गं दिवसात?’ नावाची पट्टी बघून मराठी ओळखलं असावं. ‘मोजत नाही काकू,’ ती म्हणाली, ‘मोजलं तर हात दुखतात.’ घामेजल्या पाठी, अत्तरं, कुणाचं तोंड वाकडं करणं, हे सगळं तिच्या वाट्याला पाळीभर. तिला कुणी त्या पायरीवर बसूही देत नसेल.

यावर यंत्र हाच उपाय, असं माझे अभियंता स्नेही सांगतात. हात लागणारच नाही, मग अपमान कसला? मला ते पटत नाही. क्ष-किरणांवर चालणारे अमेरिकेतले स्कॅनर नग्न म्हणाव्यात अशा आकृत्या दाखवत; ओरड झाली, आणि ते २०१३ मध्ये विमानतळांवरून काढावे लागले. चेहरा दाखवून आत सोडणारी डिजियात्राही आली आहे. त्या चेहऱ्याचं पुढे काय होतं, हे विचारायला समोर माणूसच नसतो. हाताला निदान सांगता येतं, ‘जरा हळू, टाके आहेत.’ आणि बहुतेक वेळा तो हळू होतो.

रांगेच्या तोंडाशी एक पाटी असते. कात्री, सुरी, लायटर यांची चित्रं आणि त्यांवर लाल काट. मी काय नेऊ नये ते तिथं स्पष्ट कळतं. मी काय मागू शकते, हे सांगणारी पाटी मला अजून दिसलेली नाही. उभं राहवत नसेल तर खुर्चीवर बसून तपासा म्हणता येतं का, बंद खोली मिळेल का, सोबतीला मुलगी आत येऊ शकेल का, कृत्रिम पाय काढायला सांगितलं तर न्यायालयाचं नाव घ्यायचं ते कुणापुढे. एक पत्रा आणि थोडा रंग, इतकाच खर्च. मराठीतही लिहा म्हणावं.