उजेडाची मर्यादा

विमानांतल्यासारखा कळफलक घरीं तयार करण्याचा उद्योग आम्हीं आरंभिला, तेव्हां घरांतील मंडळींनीं आमच्या पिकल्या केसांकडे एकवार पाहिलें आणि मौन स्वीकारलें. भाचा वैमानिक होऊं पाहतो. संगणकावरील त्याच्या रात्रीच्या सरावासाठीं बारा कळांचा फलक हवा होता. बुधवार पेठेंत तपकीर गल्ली पालथी घालून बटणें व दिवे आणले. दुधी ॲक्रिलिकवर काळा रंग चढविला आणि अक्षरांपुरता तो कोरून काढला. मागें दिवा लागला कीं अक्षरेंच तेवढीं उजळावींत, ही त्यांतील युक्ति.

फलक झळकला आणि आम्ही धन्य झालों. भाचा मात्र म्हणाला, "मामा, अक्षरें सुरेख दिसतात, पण समोरची धावपट्टी दिसेनाशी झाली!" अंधाराला पुरतें सरावण्यास डोळ्यांस सुमारें ३० मिनिटें लागतात, प्रखर उजेड ती कमाई क्षणांत घालवितो. आमच्या हौसेनें त्याची वाटच झांकली होती! उजेड मंद करण्याची सोय केली, तेव्हां कोठें फलक कामाचा झाला.

तो खऱ्या विमानांत बसणार नाहीं, हें आम्ही जाणतों. कांदिवलीस गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांनीं तें २०१६ सालीं प्रदर्शनांत मांडलें. उड्डाणाची अनुज्ञा मिळावयास २०१९ साल उजाडलें. असले परवाने पूर्वीं आम्हांस निव्वळ जाच वाटत. आतां त्या कागदांमागें आम्हांस भाच्याचा जीव दिसतो.