मेल्यावर तयार होणारी दारू

आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या माणसाच्या रक्तात मेल्यावर दारू सापडू शकते! अपघाताच्या दाव्यांत सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्टवर अल्कोहोलचा आकडा दिसला रे दिसला, की समोरचे वकील वाहनचालकासाठीची दर 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा पुढे करतात. आणि इथे न्यायवैद्यकाचं पुस्तक म्हणतंय, थांबा, ही दारू प्यायलेली कशावरून? पुस्तक खाली ठेववत नाहीये.

महूची फुलं भिजत घातली की काय होतं, हे आमच्या नंदुरबारच्या धडगाव-मोलगीकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. साखर, ऊब आणि सूक्ष्मजीव, बस्स. देहातही तेच! प्राण गेला की आतड्यांतले जीवाणू शिरांमधून पसरतात आणि रक्तातली साखर आंबवतात. नंदुरबारच्या मे महिन्यात उशिरा सापडलेल्या मृतदेहात ते प्रमाण 30च्या पुढेही जाऊ शकतं.

मग खरं सांगणार कोण? डोळा! भिंगामागचा घट्टसर द्रव आतड्यांपासून लांब आणि चहूबाजूंनी बंद. जीवाणू तिथे उशिरा पोचतात. प्यायलेली दारू अंगात मुरली असेल, तर तिथलं प्रमाण रक्ताच्या साधारण 1.2 पट भरतं. रक्तात 60 आणि डोळ्यात शून्य आलं, तर दारू बहुधा मेल्यानंतरचीच. रक्त घ्यायचं तेही मांडीच्या शिरेतून, कारण पोटातली दारू मेल्यावर झिरपत हृदयाकडच्या रक्तात मिसळते. बाटलीत सोडियम फ्लोराइड हवं, नाहीतर आंबणं तिथेही चालूच! (मधुमेह्याच्या लघवीत साखर उतरत असेल तर विचारूच नका.)

व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयव, मात्र बरणीत मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. हे वाचलं आणि 2022 आठवलं. धडगाव तालुक्यातल्या एका बापाने, दुसरं शवविच्छेदन व्हावं म्हणून, लेकीचा देह चाळीसहून अधिक दिवस मिठाच्या खड्ड्यात जपला होता. शेवटी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते झालं. बरणीत जे मीठ घालतात, तेच त्याने खड्ड्यात भरलं होतं.

आणि सगळ्यात भारी म्हणजे एथिल ग्लुकुरोनाइड! प्यायलेल्या दारूपासून जिवंत शरीर, मुख्यतः यकृत, हा पदार्थ बनवतं. मृतदेहातल्या आंबण्यातून तो सहसा बनत नाही. लघवीत दारूचा मागमूस उरला नाही तरी हा दोन-तीन दिवस टिकू शकतो. आता सीए रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी मी विचारणार: रक्त कुठलं, फ्लोराइड होतं का, आणि डोळ्यातला नमुना घेतलाय की नाही?