माळाचा नंबर कितवा?

नान्नज म्हटले की तुम्हाला द्राक्षे आठवतील. सोनाका ही जात याच गावची. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलात, की सुमारे वीस किलोमीटरवर हे गाव लागते. पण बागा ओलांडून थोडे पुढे चला. तिथे नुसता माळ आहे. गुडघाभर कुसळी गवत, मुरमाड जमीन, एखादी बाभळ. तुम्ही म्हणाल, इथे काय बघायचे? आपल्या सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराबा म्हणतात!

वन्यप्राण्यांच्या जागांचे नंबर लावायचे झाले तर आपण डोळे मिटून घाटातल्या गर्द जंगलाला पहिला नंबर देतो. जंगलाचा मान मोठा आहेच. पण नंबर लावताना झाडे मोजून भागत नाही. तीन प्रश्न विचारावे लागतात. इथे राहणारा जीव किती संकटात आहे? त्याच्यासारखे आणखी किती उरलेत? आणि ही जागा मोडली, तर त्याला दुसरे घर आहे का?

हे तीन प्रश्न माळाला विचारून बघा. माळढोक हा मीटरभर उंचीचा भारदस्त पक्षी. झाडावर बसत नाही, घरटे बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. गर्द रानात त्याचा निभाव लागत नाही. त्याला लांबवर नजर जाईल असे गवत लागते. आज साऱ्या देशात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात. नान्नजला आता एखादा दिसला तरी बातमी होते. लांडगा, खोकड, काळवीट हेही याच माळाचे रहिवासी. म्हणजे दिसायला उजाड असलेली ही जागा यादीत पार वर चढते.

पण मंडळी, नंबर लावणे सोपे, हद्द आखणे अवघड. १९७९ साली इथे माळढोक अभयारण्य झाले ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावे आली, शेते आली, बाजारपेठासुद्धा आल्या. जमिनीच्या व्यवहारांना अडथळे आले, लोक वैतागले. पुढे २०१२ च्या सुमारास ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. सगळ्यालाच पहिला नंबर दिला, की खऱ्या जागेकडे दुर्लक्ष होते आणि पक्ष्याला शेतकऱ्याचा राग सोसावा लागतो. काळवीट पिकात शिरतात, लांडगा मेंढरू नेतो, हेही खोटे नाही. त्याची भरपाई वेळेवर मिळाली, तरच माणसे माळाच्या बाजूने उभी राहतील.

माळढोक नाकतोडे आणि किडे खातो. पिकावरची कीडही त्यात आली. माळाचे गवत पावसाची माती धरून ठेवते, गुरांना चारा देते. तेव्हा तुमच्या गावचे गायरान ‘पडीक’ म्हणून नांगरण्याआधी किंवा त्यावर दाट झाडे लावण्याआधी, पावसाळ्यात एकदा सावकाश फिरून या. टिटवी, चंडोल यांची अंडीही जमिनीवरच असतात. पाऊल जपून टाका. कोण राहते ते बघा, आणि मगच त्या माळाचा नंबर ठरवा.