जांभ्याच्या घराची डागडुजी

कोकणातल्या जांभ्याच्या कौलारू घराची दुरुस्ती नवे काही चढवण्याने नाही, मधल्या काळात चढलेले उतरवण्याने सुरू होते. भिंतींवर सिमेंटचा गिलावा, त्यावर प्लास्टिक पेंट, वाशांखाली ठोकलेले पीओपीचे छत, बंदिस्त केलेली पडवी: हे सारे सोयीसाठी केलेले असते आणि त्यामुळेच घर कोंदट होते. राजापूर तालुक्यातले आमचे घर मुलाबाळांसह पुन्हा राहते करताना खर्चाचा मोठा वाटा या उतरवण्यातच गेला, आणि तो सार्थकी लागला.

जांभा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, उघड्यावर राहिला की कठीण होत जातो. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या भागात जोत्यातून ओल चिऱ्यांत चढणारच. मातीत किंवा चुन्यात रचलेली भिंत ती ओल हवेत सोडून देते. सिमेंटचा गिलावा ही वाट अडवतो. मग भिंतीच्या पायथ्याशी गिलावा फुगतो, मिठाचा पांढरा फुलोरा येतो, पोपडे सुटतात. माजघरातला गिलावा ऐन मार्चमध्ये ठोकून काढला तेव्हा त्याच्या पाठीला पाण्याचा ओलावा होता आणि चिऱ्यावर बोट फिरवले की तांबडी माती हाताला लागत होती. अशी भिंत लगेच लिंपू नये. ती उघडीच ठेवून उन्हाळाभर वाळू द्यावी. घाई असलेल्या कुटुंबाला हे जड जाते, पण याला दुसरा उपाय नाही.

भिंत वाळत असताना छपराचे काम उरकते. मंगळुरात बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला. त्या धाटणीची मंगलोरी कौले कोकणात घरोघर पोहोचली. कौले उतरवून धुवायची, तडकलेली बाजूला काढायची, रिपा आणि वासे ठोकून पाहायचे. पोकळ आवाज आला की आत वाळवी आहे. आमच्याकडे भिंतीत रुतलेली वाशांची टोके गेली होती. अख्खा वासा न बदलता तेवढ्याच भागाला ऐनाच्या लाकडाचा सांधा दिला. लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावतात. वाळवी त्याला टाळते, मात्र ते कातडीला भाजते, म्हणून हात झाकूनच काम करावे लागते. माकडांच्या धुडगुसाला कंटाळून अनेक जण कौलांच्या जागी पत्रे घालतात. त्यांचा त्रास खरा आहे. तरीही पत्र्याखाली दुपार काढणे आणि पावसात एकमेकांचे बोलणे ऐकू येणे दोन्ही अवघड होते. पीओपीचे छत काढल्यावर कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर जाऊ लागते. अंधाऱ्या माजघरावर दोन-चार काचेची कौले पुरतात; जास्त घातली तर उन्हाळ्यात खोली तापते.

वाळलेल्या भिंतीला चुन्याचा गिलावा द्यायचा, त्यासाठी चुना आधी भिजवावा लागतो. भट्टीतून आलेली कळी पाण्यात टाकली की ती उकळते, म्हणून मुलांना तिथून दूर ठेवावे. विरलेली कळी पाण्याखाली जितकी मुरेल तितका चुना लोण्यासारखा होतो. वाळूत मळून, गुळाचे पाणी घालून त्याचे पातळ हात देतात. एक हात आवळल्याशिवाय दुसरा देत नाहीत आणि भिंत सावलीत, ओलसर ठेवतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना पुन्हा दगडासारखा होतो, पण सावकाश. वरून डिंक घातलेली चुन्याची सफेदी द्यावी. रंग हवा असेल तर त्यात काव कालवावी. हल्ली चुन्यात हात बसलेला गवंडी शोधायलाच वेळ लागतो.

जमिनीबाबत एकच नियम सगळ्या खोल्यांना लागू होत नाही. माजघर आणि ओटी चोपण्याने चोपून शेणाने सारवली तर पावसाळ्यातही पायाला सुखद राहते, मात्र दर आठवड्याला हात फिरवणारे कोणी घरात हवे. स्वयंपाकघरात शहाबादी फरशी बरी. गुळगुळीत लाद्यांना आषाढात घाम सुटतो आणि म्हातारी माणसे घसरतात. न्हाणीघर व संडास मूळ भिंतींना न चिकटवता मागच्या पडवीपलीकडे वेगळे बांधावेत. तिथे सिमेंट वापरायला हरकत नाही. विजेच्या तारा चिरा खोदून न नेता तुळयांच्या कडेने उघड्या पट्टीतून न्याव्यात.

शेवटचे काम बाहेरचे. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर वाहील असा उतार आणि चर काढावा, अंगणात भर घालून जोते बुडवलेले असेल तर ती माती उपसावी. पुढे दरवर्षी मृगाआधी कौले शाकारणे, चर साफ करणे आणि पावसानंतर भिंतींना सफेदीचा एक हात देणे एवढी देखभाल राहते.