दोन डब्या आणि आमचे कान

डॅक आमच्या घरात आला तेव्हा तो आलाय हे आम्हाला माहीतच नव्हतं. आखातातून नाहीतर सिंगापूरहून कुणाच्या तरी बॅगेतून सीडी प्लेअर यायचा आणि चकतीवरच्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी ती चिप त्याच्या पोटात गुपचूप काम करायची. तिला वेगळं नाव आहे, वेगळी किंमत आहे आणि तिच्यावरून भांडता येतं, हा शोध फार उशिराचा. आज टेबलावर साबणाच्या वडीएवढ्या डॅकच्या दोन डब्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात. एक पाच-सहा हजारांची, दुसरी चाळीस हजारांची. दोघींना लॅपटॉपमधून एकच गाणं द्यायचं आणि कोणती गोड गाते ते सांगायचं.

पूर्वी तुलना करायची म्हणजे सामान उचलावं लागे. ॲम्प्लिफायर जुन्या चादरीत गुंडाळायचा, स्कूटरच्या पुढच्या फळीवर ठेवून दोन्ही पायांत आवळायचा आणि मित्राच्या घरी न्यायचा. हा ॲम्प बहुधा लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सुट्या भागांचा, कुणा ओळखीच्याने जोडलेला. त्याचं कॅबिनेट गल्लीतल्या सुताराने ठोकलेलं. मित्राकडे आधीच चारजण जमलेले असत. कुणी डग्ग्याची घुमक ऐकायला तबल्याची कॅसेट आणलेली, कुणी अभंगातले टाळ कानाला टोचतात का ते पाहायला भीमसेनांची. स्टिरिओचा थाट दाखवायला आर. डी. बर्मन हवाच. मग वायरी काढायच्या, वायरी जोडायच्या. तेवढ्यात दहा मिनिटं जात आणि आधीचा आवाज कसा होता हे सगळेच विसरत. तरी निकाल लागे. बहुतेक वेळा यजमानाच्या बाजूने, कारण चहा त्याच्याकडचा असे.

त्या निकालाला कवडीची किंमत नव्हती. ज्याचा व्हॉल्यूम जरा जास्त तो आवाज चांगला, एवढंच आमचे कान तेव्हा सांगत, आणि ते आजही एवढंच सांगतात. फरक इतकाच, की आज आम्हाला ते ठाऊक आहे. एका डॅकमधून कमाल 2 व्होल्ट बाहेर पडतात, दुसऱ्यातून 2.5, म्हणजे जवळपास 2 डेसिबलचा फरक. तेवढ्यावर दुसरा लगेच ‘मोकळा’, ‘भरदार’, ‘समोर बसून गातोय’ असा वाटू लागतो. म्हणून आता आधी मल्टिमीटर काढायचा, एकसारखा सूर वाजवायचा आणि दोघांची पातळी 0.1 डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण 1 टक्क्याच्या आत आणून ठेवायची. मग दुसऱ्या कुणीतरी, आपल्याला न सांगता, बटण दाबून डब्या बदलायच्या.

हे सगळं नीट केलं की सहा हजार आणि चाळीस हजार यांतला फरक बहुधा विरघळून जातो. पैसे वाचल्याचा आनंद व्हायला हवा, पण वाटते ती हळहळ. भांडावं असं काही उरलंच नाही. आणि भांडायला चारजण जमतही नाहीत. मोजमापांचे आलेख फोनवर बघायचे, डबी कुरिअरने मागवायची, नाही आवडली तर आली तशी परत पाठवायची. तिची तोंडओळख होते ती आपली आणि फार तर सोसायटीच्या वॉचमनची.

आज गाणं लावायला एक बोट पुरतं. तेव्हा दोन्ही हात लागत. तबकडी कडेने धरायची, मखमली ब्रशने धूळ टिपायची, सुईवर फुंकर मारायची (हे करायचं नसतं, तरी सगळे करत). वीस-बावीस मिनिटांनी उठून बाजू बदलायची. कॅसेट असेल तर हेड स्पिरिटने पुसायचं, आणि टेपने रीळ गिळलंच तर षट्कोनी पेन्सिल शोधायची. दुकानात गाणी भरून घ्यायची तर वहीच्या कागदावर यादी न्यायची. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं. दुकानदार यादीवर नजर फिरवून म्हणायचा, ‘आठवं बसणार नाही. कुठलं काढू?’ यावर घरी बैठक होई. काही दिवसांनी कॅसेट हातात पडे तेव्हा शेवटी उरलेल्या जागेत यादीबाहेरचं एक गाणं त्याने स्वतःच्या पसंतीने टाकलेलं असे, आणि ते पुष्कळदा आमच्या यादीपेक्षा सरस निघे. सगळा मामला चोरीचा होता, गाणाऱ्याला त्यातला छदामही मिळत नसे, हेही सांगून टाकलेलं बरं.

आता बाजू नाही की शेवट नाही. एक गाणं संपलं की ॲप दुसरं लावतं. तेही उरलेल्या जागेत कुणीतरी टाकलेलंच, पण ती जागा कधी भरत नाही.

आणि आवाज? आवाज तेव्हाचा वाईटच होता. कॅसेटच्या सूं-सूं मधून तानपुरा शोधून काढावा लागे. साध्या कॅसेटवर सूं-सूं पासून सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत 50-55 डेसिबलची मजल, बऱ्या रेकॉर्डवर साठ-सत्तर. सीडीने ती 96 वर नेली, आणि आजची स्वस्तातली बरी डबीही 110 च्या घरात जाते. आज तानपुऱ्याची जवारी अशी स्वच्छ ऐकू येते, की तो कुणीतरी छेडत असतो हे पहिल्यांदाच लक्षात येतं. अर्थात आमच्या खोलीत पंखा, फ्रिज आणि खिडकीखालची रिक्षा मिळून चाळीसेक डेसिबलचा कालवा कायम चालू असतो. डबीची शेवटची वीस डेसिबल बिचारी त्यातच बुडतात.

आकड्यांचा मोह आम्हालाही होताच. 1982 साली जपानमध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर निघाला तो 16 बिटचा, पण डाव्या-उजव्या बाजूंना मिळून डॅक एकच, आळीपाळीने वाजणारा. फिलिप्सने 14 बिटवरच चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे दर दोन आकड्यांमध्ये आणखी तीन गणिताने भरून, काम भागवलं. पुढे 18 बिट आले, 20 आले. आम्ही जास्त ते चांगलं असं घोकून ठेवलं, तोवर प्लेअरच्या तोंडावर अभिमानाने ‘1 बिट डॅक’ छापून येऊ लागलं. आम्ही तेही कौतुकाने एकमेकांना दाखवलं.

आता गंमत अशी, की आजची मुलं आमच्या जुन्या चिपा शोधत फिरतात. 1985 च्या सुमाराची फिलिप्सची टीडीए 1541 ज्या प्लेअरमध्ये असेल त्याला जुन्या बाजारातही भाव आहे. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये जपानात नोबेओकाला एकेएम कंपनीचा चिपांचा कारखाना जळाला. अनेक कंपन्यांना आपले डॅक दुसऱ्या चिपवर नव्याने बेतावे लागले, आणि आधीच्याचा आवाज जास्त उबदार होता अशी हळहळ लगेच सुरू झाली. ओव्हरसॅम्पलिंग अजिबात न करणारे डॅकही त्याच उबेपायी विकत घेतले जातात. सीडीचं गाणं त्यांतून वाजवलं की 20 किलोहर्ट्झजवळ आवाज सुमारे 3 डेसिबलने उतरतो. उतरू दे. आमच्या वयात 12 च्या वरचं ऐकू यायची मारामार आहे. आम्हाला ही ऊब निसर्गानेच फुकट दिली आहे.

सगळ्यात मजा येते ती 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली जुनी गाणी नव्या डॅकवर लावली की. तीन मिनिटांत आटोपलेलं हिराबाईंचं गाणं, आणि त्याच्यामागची भजी तळल्यासारखी चरचर. लाखाचा डॅक असो की हजाराचा, दोघेही ती चरचर एक कणही न गाळता कानापर्यंत पोचवतात. हजाराचा हे उगाच म्हणत नाही. 2016 साली आयफोनमधून हेडफोनची पिन लावायची जागा गेली, तेव्हा सोबत द्यावी लागलेली बोटभर वायर आठवते? तिच्या टोकात डॅकच बसवलेला होता. डॅकचा प्रश्न तिथेच संपल्यात जमा होता. लांबवला तो आम्ही, हौसेने.

तेव्हा नवा डॅक घेणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच, की पाच-सहा हजारांच्या पुढे जाऊ नका. उरलेले पैसे स्पीकरवर घाला. त्यांच्यातले फरक डोळे मिटूनही कळतात. आणि तुलना करायचीच असेल तर डबी खिशात घालून कुणाच्या तरी घरी जा, आणखी दोघांना बोलावून घ्या. मल्टिमीटर मात्र घरीच ठेवा.