गोंधळाचा खर्च कोणी करायचा

मोबाइलवर संबळ शिकवायला बसलं की पहिली अडचण आवाजाचीच येते. लहान भांड्याचा टणक बोल पलीकडे नीट पोचतो. पण मोठ्या भांड्यावर वाकड्या टोकाची काठी घासून जो घुमारा काढायचा, तो फोनला गोंगाट वाटतो आणि फोन तो गाळून टाकतो. दोघांनी एकदम वाजवायचं म्हटलं तर माझा ठेका तिकडं पोचेपर्यंत पोरगा पुढं गेलेला असतो. म्हणून व्हिडिओ कॉलवरची शिकवणी मी बंद केली. आता शिकणारा वाजवतो, रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकतो. मी कानाला लावून पुन्हापुन्हा ऐकतो आणि कुठं काठी जड पडली, कुठं घासणी तुटली ते बोलून पाठवतो.

तुळजापुरात बसून चालवलेल्या या ग्रुपात आता सोलापूर, लातूर, पुण्याची माणसं आहेत, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात वाजवणारी आहेत आणि लग्नाच्या ताफ्यात वाजवणारी पोरंही आहेत. हल्ली हळदीला, वरातीला संबळ लागतोच. ही पोरं एका हंगामात चांगलं कमावतात. त्यांच्यातलाच एक म्हणाला, "मामा, सगळ्यांना महिन्याचे पैसे लावा. जो देईल तोच ग्रुपात." आमच्याच भावकीतल्या एका वडीलधाऱ्यांना हे कळलं. ते म्हणाले, "आईच्या सेवेला दार लावतोस व्हय?" दोघांचंही मला पटतं, आणि म्हणूनच मी बरेच दिवस अडून होतो.

सेवा म्हणून गोंधळ कधी फुकट झालेला नाही. आम्ही कदमराई गोंधळी, तुळजाभवानीचे. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. दोन्हीकडं सुपारी घेऊनच जायचं, बिदागी ठरलेली, आरतीच्या ताटात पडेल ते वेगळं. कवड्यांची माळ गळ्यात घातली म्हणून घरातली चूल आपोआप पेटत नाही. पण हे पैसे द्यायचे कोणी, हे पक्कं होतं. ज्याच्या घरी लग्न झालं, जावळ झालं, नवस फिटला, तो यजमान. पाटावर नवा खण, त्यावर तांदळाचा चौक, कलश, भोवती ज्वारीची पाच धाटं, पेटलेली दिवटी, आणि नाईकानं, म्हणजे मुख्य गोंधळ्यानं, देवदेवतांना बोलावणं सुरू केलं की आळीतली माणसं अंगणात येऊन बसायची. उत्तररंगात आख्यान रंगायचं, पहाट व्हायची. त्या माणसांना कोणी विचारलं नाही की तुम्ही काय दिलं. एकाच्या खर्चात सगळी आळी ऐकायची, आणि अंगण भरलं नाही तर यजमानालाच ते उणं वाटायचं. ऐकणाऱ्याला दारातून परत पाठवून गोंधळ होऊच शकत नाही.

शिकणाऱ्याचं निराळं होतं. त्यानं पैसे दिले नाहीत, रात्री दिल्या. आधी दिवटी धरायची, तेल घालत राहायचं. मग तुणतुणं, मग झील ओढायची. संबळ कमरेला यायला वर्षं जायची. तोवर नाईकाचा श्वास कुठं संपतो, संबळानं कुठं गप्प बसायचं, हे अंगात मुरलेलं असायचं. ग्रुपवरच्या मुलाकडून मी रात्री मागू शकत नाही. तो नोकरी करून दमून येतो, अर्धा तास वाजवतो. त्या अर्ध्या तासाच्या बदल्यात नुसते पैसे घेतले तर मी त्याला ठेके देईन. गप्प कुठं बसायचं ते कसं देऊ?

अशा वेळी मला विष्णु दिगंबर पलुस्कर आठवतात. मूळचे कुरुंदवाडचे. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. घराण्यांच्या आतलं, राजेरजवाड्यांच्या आश्रयातलं गाणं त्यांनी कोणीही येऊन शिकावं असं केलं, आणि त्याचा खर्च लोकांच्या मदतीवर व स्वतःच्या जलशांच्या कमाईवर उचलला. १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय आलं. पुढं तिथली इमारत कर्जापायी लिलावात गेली. एवढ्या मोठ्या माणसाला दार उघडं ठेवणं असं महाग पडलं. पण त्यांनी तयार केलेले शिष्य देशभर शिकवत राहिले. दोन्ही गोष्टी मी एकत्रच लक्षात ठेवतो.

शेवटी ठरवलं ते असं. ग्रुपात येणं, ऐकणं, विचारणं सगळ्यांना खुलं. मी टाकलेलं रेकॉर्डिंगही खुलं. एकेकाचं वाजवणं ऐकून दुरुस्त करायला माझ्या संध्याकाळी जातात, त्याचे पैसे घ्यायचे. जो संबळावर कमावतो त्याच्याकडून जास्त, ज्याची ऐपत नाही त्याच्याकडून काहीच नाही. कोणी किती दिले ते ग्रुपात सांगायचं नाही. पूजेच्या भागातलं जे आहे ते पैशावर नाही आणि फोनवरही नाही. ते चौकासमोर बसूनच घ्यायचं. आणि नवरात्रापासून कोजागरीपर्यंत काहीच शिकवायचं नाही. तेव्हा तुळजापुरात पाय ठेवायला जागा नसते, सोलापूरकडून चालत आलेल्यांनी रस्ते भरलेले असतात, आणि आम्ही आमच्या कामात.

ताफ्यातली पोरं यावर खूश नाहीत. आम्ही पैसे भरून शिकलो ते दुसरा फुकट ऐकून उचलेल, असं त्यांना वाटतं. त्यांची भीती खोटी नाही. वरातीच्या बाजारात एक ठेका नवा असेल तोवरच त्याला किंमत असते. ज्यांची रोजी त्या ठेक्यावर आहे त्यांना उदार व्हा म्हणणं मला जमत नाही. म्हणून त्यांनी स्वतः बसवलेलं वाजवणं ग्रुपात टाकायची सक्ती मी काढून टाकली. माझं खुलं राहील, त्यांचं त्यांनी ठरवावं.

यंदा पौषात, शाकंभरी नवरात्र झाल्यावर, ग्रुपातल्या पुण्याच्या एका कुटुंबाचा गोंधळ तुळजापुरात आहे. खर्च त्यांचा. मी त्यांना विचारलं, शिकणारी सगळी आली तर चालेल का, पैसे देणारी न देणारी? बाई म्हणाल्या, "काका, किती जणांचा स्वयंपाक धरू तेवढं सांगा."