स्पीकरचे पाय

ह्यांनी निवृत्तीच्या पैशांतून उभे स्पीकर घेतले. छातीएवढे उंच, एकेक 28 किलोचा. दुकानदार म्हणाला, खाली खास पाय बसवा, आवाज उघडेल. जोडीचे 22,000 रुपये! ह्यांचा होकार अगदी ओठांवर आला होता. मी म्हटलं, "अहो, आधी हलतात का ते तर बघू."

वरच्या कोपऱ्याला बोटाने ढकललं, तर डावा डुलला. आपली फरशी कुठे एकसारखी असते? चारांपैकी एक टोकदार पाय अधांतरी होता. लेव्हल पट्टी ठेवून तो फिरवत टेकवला, नट आवळला. फरशीला चरे पडू नयेत म्हणून टोकांखाली धातूच्या चकत्या ठेवल्या, त्या खोक्यातच होत्या. ही टोकं मुळात गालिच्यासाठी. त्यातून आरपार जाऊन ती खालच्या पक्क्या जमिनीला टेकतात. आपल्याकडे गालिचा कुठला!

आवाज तरीही घुमत होता. दोन्ही स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढले, आणि स्तवनातले शब्द मोकळे झाले. कोपऱ्यात खर्ज फुगतो, त्याला महागडे पाय काय करणार?

एका गोष्टीला मात्र मी पैसे मोजले. नातू धरून उभा राहायला लागलाय आणि स्पीकरचा तळ जेमतेम वीतभर. म्हणून फॅब्रिकेटरकडून रुंद लोखंडी बैठक करून स्क्रूने पक्की बसवून घेतली. सोफा सरकवावा लागला, त्यावर ह्यांची कुरकुर अजून चालू आहे.